मुक्काम-कराच्या खिडकीवरचा देवमन

अंजनगावकडून परतवाड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की धामणखेड लागतं. गाव लहान, पण बाळगीर महाराजांच्या समाधीमुळे दर गुरुवारी तिथे माणसांची रीघ असते आणि पौषातल्या यात्रेत तर पाय ठेवायला जागा राहत नाही. गावात लॉज नाही. लोकांनीच कोणी माडीवर, कोणी परसात, कोणी गोठा पाडून खोल्या काढल्या आहेत. खोलीत एक सतरंजी, दोन गाद्या, एक बादली. लांबून आलेली माणसं तिथे रात्र काढतात आणि सकाळची आरती करून निघून जातात.

माणसं निघून जातात, पण त्यांच्यामागे उरलेलं गावाला निस्तरावं लागतं. नळाला पाणी पुरत नव्हतं, नाल्या तुंबत होत्या, बायांना जायला धड संडास नव्हता. कोरोनानंतर यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा सरपंच बेबीताईंनी ग्रामसभेत ठराव करून घेतला आणि मुक्काम कर सुरू केला. जो धामणखेडला रात्र काढील त्यानं कर भरायचा. एका कुटुंबाला एका रात्रीचा एकच कर. एका कुटुंबातले नसतील तर माणशी वेगळा. समाधीच्या फाटकाशेजारी ग्रामपंचायतीची खिडकी होती, तिथे पावती घ्यायची आणि ती दाखवल्याशिवाय घरमालकानं खोली द्यायची नाही. दिली तर दंड घरमालकाला.

रक्कम चहा-नाश्त्याएवढीच होती, तरी पहिले काही महिने खिडकीवर रोज भांडणं झाली. देवाच्या दारात कर कायचा, असं म्हणून लोक अंगावर यायचे. खिडकीवर बसवलेला पहिला माणूस वैतागून काम सोडून गेला. मग बेबीताईंनी देवमन गावंडेला बोलावलं.

देवमनला गावात माइकवाला म्हणून ओळखत. तरुणपणी तो अमरावतीला राजापेठेत एका कापडाच्या दुकानाच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकं बोलवायचा. वडील गेल्यावर गावी परतला, थोडं वावर होतं ते कसू लागला, आणि लग्नात, यात्रेत माइक धरू लागला. हरवलेलं लेकरू असो की नवरदेवाची वरात, देवमनच्या तोंडून ऐकलं की माणसं हसत. पन्नाशी उलटली तरी त्याचा आवाज तसाच खणखणीत होता आणि जीभ तशीच तिखट.

खिडकीवर बसल्यावर त्यानं भांडणं आठ-पंधरा दिवसांत संपवली. युक्ती एकच. कोणी कुरकूर करायच्या आत त्याला हसवायचं. बायको, सून, नातवंडं असा गोतावळा घेऊन कोणी आलं की तो म्हणे, "काका, एवढ्या माणसाइवर एकच कर? तुमी त ग्रामपंचायतच लुटून राहिले." नवं जोडपं दिसलं की म्हणे, "पावती जपून ठेवा. पुढं भांडन झालं त एकदा सोबत होतो याचा पुरावा राह्यते." रांग हसायची, पैसे पुढे यायचे. वर्षाच्या आत बायांसाठी संडासांची ओळ उभी राहिली. बेबीताई चार लोकांत म्हणाल्या की हे देवमनभाऊच्या तोंडाचं काम आहे. देवमनला ते फार गोड लागलं. घरी त्याची बायको वच्छला म्हणाली, "तोंडाचं काम खरं, पन तोंडाले कोनं लगाम लावावा?" तो त्यावरही हसला.

नातं विचारणं त्याला भागच होतं. कुटुंब की वेगवेगळी माणसं, हे कळल्याशिवाय कर ठरत नव्हता. आणि नात्याबाबत लोक सर्रास खोटं बोलत. एका गाडीतून आलेले दहा ड्रायव्हर एकमेकांचे मावसभाऊ होत. देवमनला हे कळायचं. तो डोळे मिचकावून म्हणे, "मावशी लय गुणाची होती बाप्पा," आणि एकच पावती फाडून द्यायचा.

त्या पौषातल्या एका गुरुवारी संध्याकाळी खिडकीपुढे लांब रांग होती. थंडी झोंबत होती. रांगेत एक उंच, वाळका म्हातारा होता. सदऱ्याच्या बाह्यांची बटणं नीट लावलेली, डोळ्याला काळा चष्मा. त्याच्याबरोबर एक ठेंगणी बाई, अंगावर शाल, हातात कापडी पिशवी. ती मधूनमधून खोकत होती. म्हाताऱ्यानं नावं सांगितली. त्याचं महादेवराव, तिचं माणिकबाई, गाव तेल्हारा, अकोला जिल्हा. आडनावं वेगळी होती.

"नातं काय?" देवमननं विचारलं.

म्हाताऱ्यानं पैसे खिडकीच्या फळीवर ठेवले होते, त्यांच्याकडे तो पाहत राहिला. बाईच म्हणाली, "शेजारी आहो आमी."

देवमननं मान वर केली. मागे एवढी रांग, आणि असा शब्द आयता हातात आलेला. तो माइकवर बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, "शेजारी? मंग काय, शेजारी-शेजारीच झोपा. पन कर दोघाचा लागन बरं, महाराज वरून पाहून राहिले."

रांग खदखदून हसली. मागून कोणीतरी शिट्टी मारली. बाईनं शालीचा पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्यानं फळीवरचे पैसे उचलले, खिशात घातले आणि म्हणाला, "पावती नोको." दोघं रांगेतून बाहेर पडली.

"ओ काका, गंमत केली बापा," देवमन मागून म्हणाला. पण तोवर पुढचा माणूस खिडकीशी आला होता. देवमननं त्याला नाव विचारलं, आणि घरी जाईपर्यंत त्या दोघांना विसरूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे बसथांब्यावर जैनबबीच्या टपरीवर चहाला गेला. जैनबबी साठीची, नवऱ्यामागे टपरी चालवायची. तिचा मुलगा तौहीद काळीपिवळी जीप चालवायचा. टपरी उघडी होती, पण स्टोव्ह बंद होता आणि जैनबबी बाकड्यावर नुसतीच बसली होती.

"चहा नाही का आज?" देवमननं विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "हात चालून नाही राहिला माझा. बस थांब्याच्या शेडात दोन बुढे रातभर बसून होते, देवमनभाई. अकोटची शेवटची बस गेलती. सकाळी मी टपरी उघडाले आली त ती बाई भिताडाले टेकून, ओठ निळे, श्वास असा वाजून राहिला. दमा होता तिले. तौहीद घेऊन गेला दोघाइले अमरावतीले. मी म्हनलं बुढ्याले, अरे बावा, माझं घर दोन पावलावर होतं, दरवाजा ठोकायचा होता. खोली कावून नाही घेतली? त्यानं काही सांगितलं नाही."

देवमननं शेडकडे वळून पाहिलं. "काळा चष्मा होता का त्याले?"

"हां. तुले कसं मालूम?"

"काल रांगेत पाह्यला," देवमन म्हणाला, आणि तिथून निघाला. त्यानं तिला एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

तीन दिवसांनी तौहीद गाडी धुताना दिसला. देवमननं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गेली ते माय. काल सकाळी."

गावात दोन दिवस बोलणं झालं. म्हातारं माणूस, दमा, वरून ही थंडी, असं लोक म्हणाले. ग्रामसेवक खिडकीवर येऊन विचारून गेला, "त्यांची पावती फाडली होती का आपण?"

"नाही," देवमन म्हणाला.

"मग आपल्यावर काही येत नाही. पावती नाही म्हणजे आपल्याकडं मुक्कामच नाही." ग्रामसेवकाचा जीव भांड्यात पडला. जाताना म्हणाला, "आणि नियमानं दोघांचा कर लागत होता. त्यांना भरायचा नव्हता. तू काय करशील?"

देवमनला वाटलं, त्याला हात धरून बसवावं आणि सांगावं की त्यांना कर भरायचा होता. पैसे फळीवर ठेवले होते. नियमानं दोन पावत्या मागितल्या होत्या, बाकीचं काही नियमानं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. पण त्यानं नुसतं पावतीपुस्तक बंद केलं. कोणीही त्याला दोष देत नव्हतं, आणि त्यामुळे त्याला कोणाकडे जाऊन बोलताही येत नव्हतं.

खिडकीवर तो बसत होता, पण बोलणं आटलं. नाव, गाव, नातं, एवढंच. रांग पूर्वीसारखी सरकत नव्हती. लोक म्हणाले, देवमनची तब्येत बिघडली. नातं विचारायची वेळ आली की तो मान वर करत नसे. शालीचा पदर तोंडाला लावलेली ती बाई त्याला दिसायची. चार लोकांत तिची लाज काढली, आणि म्हणून तिनं तोंड झाकलं. ती गेली त्याला थंडी निमित्त झाली असेल, पण तिला थंडीत घालवलं कोणी?

महिनाभरानं त्यानं तौहीदला गाठलं. "त्या बुढ्याचा काही पत्ता आहे का?"

तौहीदनं आधी आजूबाजूला पाहिलं. "पत्ता आहे. तेल्हाऱ्यात टेलर आहे. पन चाचा, एक ध्यानात ठेवा. त्या मायचा पोरगा अमरावतीत राह्यते. मी फोन करून त्याले दवाखान्यात बोलावलं, तवा बुढ्यानं मले हात जोडले. म्हने, ती एकटीच होती असं सांग. अम्मीलेबी मी तसंच सांगून ठेवलं. पोरगा आला तसा बुढा बाहेर निघून गेला. दोन दिवस रस्त्यापलीकडं चहाच्या गाडीपाशी उभा होता. मी पोराले फोन करून विचारत होतो अन् बुढ्याले खबर देत होतो."

देवमननं वच्छलाला सांगितलं की अकोटला काम आहे, आणि तो तेल्हाऱ्याच्या बसमध्ये बसला. अकोटला बस बदलली. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची वाळकी झाडं उभी होती. वाटेत दोनदा त्याला उतरून परत फिरावंसं वाटलं. जाऊन बोलायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. माफी मागायची, तर त्या माणसानं माफ केलं तरी काय होणार होतं?

दुकान सापडायला वेळ लागला नाही. घराच्याच पुढच्या खोलीत मशीन होतं. महादेवराव शाळेच्या गणवेशाला बटणं लावत बसले होते. आता डोळ्याला काळा चष्मा नव्हता, साधा होता. देवमन दारात उभा राहिला.

"शिवाचं आहे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सदरा," देवमनच्या तोंडून निघालं.

"कापड?"

"नाही आनलं."

महादेवरावांचा हात थांबला. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली आणि वर पाहिलं. "खिडकीवरचे ना तुमी? तवा लाइट तुमच्या मागं होता, चेहरा दिसला नव्हता. आवाज वळखू येते."

देवमन उंबऱ्यावरच बसला. "माह्यामुळं झालं, काका," तो म्हणाला. "मले तसं बोलाचं काही कारन नव्हतं. लोक हासावं म्हनून बोललो."

महादेवरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "वाईट बोलले तुमी. नाही म्हनत नाही मी. पन ती हासली."

"कोन?"

"माणिकबाई. पदर लावून हासत होती. शेडात येऊन बसलो तरी तिचं हासनं थांबेना. म्हने, 'एवढी वर्सं एका भिताडाच्या दोन बाजूनं राह्यलो, कोनाची बोलाची हिंमत नाही झाली. अन् हा बुवा एका फटक्यात बोलून गेला.' ती म्हने, चाला, दोघाचा कर भरू, पावती घेऊ, थंडी लय आहे. मी म्हनलं, त्या मानसापुढं मी परत उभा राह्यत नाही. दोनदा म्हनली. मंग बोललीच नाही, बसली माह्याजवळ." त्यांनी हातातलं गणवेशाचं कापड मांडीवर ठेवलं आणि त्याची घडी सारखी करू लागले. "मी मानापायी बसलो, भाऊ. अन् ती माह्यापायी बसली."

आपल्यामुळे त्या बाईनं लाजून तोंड झाकलं, हेच महिनाभर देवमनच्या डोळ्यांपुढे होतं. ती हसत होती हे ऐकून त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट आत काहीतरी जास्तच रुतलं. लाजणारी बाई त्याला अनोळखी होती. हसणारी बाई एकदम ओळखीची झाली.

महादेवराव आत गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. चहा घेताना त्यांनी शेजारचं दार दाखवलं. कुलूप होतं. नवरा गेल्यावर माणिकबाईनं शाळेत खिचडी शिजवून मुलाला शिकवलं. श्याम त्याचं नाव. तो आता राजापेठेत एका ट्युशन क्लासच्या ऑफिसात कामाला होता. महादेवरावांच्या बायकोलाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघांमध्ये एक भिंत. संध्याकाळी ती भाकरी टाकायची तेव्हा दोन जास्त टाकायची. एवढंच. गावानं त्यापुढे काही पाहिलं नव्हतं, आणि त्यापुढे फारसं काही नव्हतंही.

"माह्या डोळ्यात मोतीबिंदू झालता," महादेवराव म्हणाले. "सुई ओवता येईना. टेलरले सुई नाही दिसली त काय राह्यलं? तिनं नवस केलता बाळगीर महाराजाले. ह्याइले दिसू दे, मी घेऊन येतो. आपरेशन चांगलं झालं. म्हनून मले घेऊनच जा लागलं तिले. नाहीत आमी कधी कुठं सोबत गेलो नाही."

"तिच्या पोराले माहीत नाही म्हनते तौहीद."

"नाही. अन् माहीत होऊ देऊ नोका. माह्यं काय व्हाचं ते होवो, पन तिचं नाव राह्यलं पायजे. तेरवीले मी पंगतीत वाढलं. शेजारी म्हनून." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाले वाटत असन, मी म्हनावं काही हरकत नाही. ते मले म्हनता येत नाही. अन् तुमाले दोष देऊन मोकळंबी होता येत नाही. वाटून घ्याची गोष्ट असती त अर्धी तुमी नेली असती. तसं होत नाही. दोघापाशीबी पुरीच राह्यते."

देवमन निघाला तेव्हा महादेवराव दारापर्यंत आले. म्हणाले, "येत जा कधी. तिच्याबद्दल बोलाले मले दुसरं कोनी नाही."

परतीच्या बसमध्ये देवमनला ते वाक्य सर्वांत जड वाटलं. ज्या माणसाचं आपण वाटोळं केलं त्याला बोलायला आपणच एकटे.

घरी आल्यावर वच्छलानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "अकोटले काय काम होतं?" त्यानं तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मले सांगून काय होनार?" ती म्हणाली. "त्या पोराले सांगाले पायजे होतं. त्याची माय गेली."

"त्याले सांगता येत नाही. सांगितलं त ती कोनासोबत होती हे सांगावं लागते."

"मंग ठेव पोटात," वच्छला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तिनं त्याची समजूतही काढली नाही.

पुढच्या मासिक सभेच्या आधी देवमन बेबीताईंच्या घरी गेला. "ताई, मले खिडकीवरून काढा."

"काहून? मंग कोनाले बसवू?" बेबीताईंनी विचारलं. "पगार कमी वाटते का?"

"पगाराचं नाही. नाहीत मंग एक करा. कर खोलीमागं ठेवा. एक खोली, एक कर. आत कोन झोपते, कोनाचं कोन लागते, ते आपल्याले काय कराचं?"

"अन् एका खोलीत वीस ड्रायव्हर घुसतीन त?"

"आताबी घुसतेच. सारे मावसभाऊ असतात." देवमन म्हणाला. "ताई, रोज अर्धी रांग मले खोटं सांगते अन् एका करात सुटते. जे खरं सांगते..." बेबीताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काय कळलं, किती कळलं, हे त्यांनी कधी दाखवलं नाही. म्हणाल्या, "मांडते सभेत."

पहिल्या सभेत ठराव पडला. उत्पन्न कमी होईल असं सदस्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या सभेत त्यावर चर्चाच झाली नाही. पावसाळ्यानंतर तो मंजूर झाला, तोही वेगळ्याच कारणानं. घरमालकांनी तक्रार केली की नात्याच्या चौकशीला कंटाळून लोक मुक्काम न करता अंजनगावला जातात. देवमनला त्यात आनंद झाला नाही. ज्यांच्यासाठी त्यानं ते मागितलं होतं त्यांना आता त्याचा उपयोग नव्हता. खिडकीच्या काचेवर नवा दर त्यानंच चिकटवला. बेबीताईंनी त्याला काही खिडकीवरून काढलं नाही, आणि त्यानंही पुन्हा मागणं घातलं नाही. रोज तिथेच बसावं लागणं त्याला योग्य वाटू लागलं होतं.

तो दोन-तीनदा तेल्हाऱ्याला जाऊन आला. महादेवराव माणिकबाईबद्दल बोलायचे. ती हुरड्यावर कशी तुटून पडायची, मशीनचा आवाज बंद झाला की भिंतीवर कशी टकटक करायची. देवमन ऐकायचा. प्रत्येक खेपेला ती बाई त्याला थोडी जास्त कळायची, आणि प्रत्येक खेपेला परत येताना तो जास्त गप्प असायचा.

मग पुन्हा पौष आला. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, खिडकीपुढे रांग नसताना एक पस्तिशीचा माणूस आला. अंगात स्वेटर, पाठीला बॅग, अंगानं ठेंगणा, चेहरा गोल. देवमननं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण चेहरा त्या शालीतल्या बाईचाच होता.

"एका रात्रीची खोली पायजे होती," तो माणूस म्हणाला. "मी श्याम. अमरावतीहून आलो. मागच्या वर्षी माही माय इथं आलती, तेल्हाऱ्याहून. एकटीच. त्या शेडात रातभर बसली अन्... तौहीदभाऊले भेटून आलो आता. त्याच्या अम्मीनं चहा पाजला. पन त्याइलेबी माहीत नाही. मायले खोली काहून भेटली नाही? तुमाले आठवते का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे देवमनला माहीत होतं. त्याचं उत्तरही त्यानं तयार ठेवलं होतं. खोल्या भरल्या होत्या. तीन शब्द. कोणालाच त्यानं धक्का लागत नव्हता, माणिकबाईला नाही, महादेवरावांना नाही.

श्याम पुढे बोलत होता. "मायनं मले म्हनलं होतं, नवस फेडाले जायचं आहे. मी म्हनलं, मले सुट्टी नाही, पुढच्या महिन्यात नेतो. ती एकटी निघाली. माह्या नोकरीचा नवस असन, दुसरं काय राह्यते तिले? मी एक दिवस खाडा केला असता त..." त्यानं बॅगेचा पट्टा ओढला. "वर्षभर मले हेच खाऊन राहिलं. म्हनून म्हनलं, जिथं ती राह्यली असती तिथं एक रात राहून पाहावं."

देवमननं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. तयार ठेवलेले तीन शब्द तोंडात आले होते. त्यानं ते बोलून टाकले असते तर हे पोरगं उरलेला जन्म त्या एका सुट्टीवरच खापर फोडत राहिलं असतं.

तो खुर्चीवरून उठला, बाहेर आला आणि श्यामसमोर उभा राहिला.

"खोल्या होत्या," तो म्हणाला. "तुमच्या मायनं पैसेबी काढले होते. माह्यामुळं तिनं खोली घेतली नाही. चार लोकात मी तिले लागंल असं बोललो. लोक हासले. ती निघून गेली."

श्याम पुढे सरकला. "काय बोलले?"

"ते नाही सांगत."

"माही माय होती ते. काय बोलले?"

देवमनला ते शब्द उच्चारता येत नव्हते. त्या शब्दांत दोन माणसं होती. "एकटी बाई पाहून बोललो," तो म्हणाला. त्यातलं 'एकटी' खोटं होतं, बाकी खरं होतं. "त्याच्यापुढं नोका विचारू. तुमी सोबत नव्हते म्हनून काही झालं नाही. मी तसं बोललो नसतो त ती इथं झोपली असती अन् सकाळी घरी गेली असती."

श्यामच्या हाताची मूठ वळलेली देवमननं पाहिली. त्यानं मारलं असतं तर देवमननं अंग चोरलं नसतं. पण श्याम तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो ते पुसतही नव्हता.

"तिनं आयुष्यात कोनाले उलटून शब्द बोलला नाही," तो म्हणाला. "तुमाले तिची गंमत सुचली."

"हाव," देवमन म्हणाला.

"तुमच्या हातची पावती मले नोको." श्यामनं बॅग खांद्यावर नीट केली. समाधीवर जाऊन त्यानं नारळ फोडला आणि अमरावतीकडच्या बसनं निघून गेला. जाताना त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी देवमननं तेल्हाऱ्याला फोन लावला. "पोरगा येऊन गेला," तो म्हणाला.

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "काय सांगितलं?"

"माह्यं सांगितलं. तुमचं नाही."

महादेवरावांनी विचारलं, "नवसाचं काही बोलला का?"

"त्याले वाटते, त्याच्या नोकरीचा होता."

"वाटू द्या," महादेवराव म्हणाले. मग विचारलं, "जेवला होता का तो?"

"माहीत नाही. चहा घेतलता जैनबबीकडं."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री देवमनला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली. सकाळी वच्छलानं हाक मारली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. अंथरुणात बसल्या बसल्या त्याला कळलं की रात्रभर आपल्याला एकदाही जाग आली नाही, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की वच्छलानं समोर ठेवलेला चहा त्याला घेववेना. त्यानं तोंड धुतलं, मफलर गुंडाळला आणि खिडकी उघडायला निघाला. फाटकापाशी दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या.